मागच्या रांगेतला हात

सोप्या, आज गुरुवार. तुझी सुट्टी. कंपन्यांच्या या पट्ट्यात सुट्टी कुणाची गुरुवारी आणि कुणाची रविवारी हे ठरवणाऱ्याने आपल्या मैत्रीचं फार नुकसान केलं, असं मी तुला नेहमी म्हणायचो. म्हणून तर मी ऑफिसात काहीबाही कारणं सांगून गुरुवार घरून काम करायचा म्हणून मिळवला होता आणि सकाळी साडेदहाला लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकलवर तुझ्याकडे यायला निघायचो. आजही साडेदहाला मी बूट घातले. मग काढून ठेवले आणि हे लिहायला बसलो.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. भेटायला येणारे लोक वहिनींना विचारतात, काय झालं, कसं झालं, किती वाजता झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं एक भांडण पुरं करायचं आहे. आता बोलणारा मी एकटाच, तेव्हा जिंकायला बसलोय असं समजू नकोस.

आपण दोघं एकाच सोमवारी अप्रेंटिस म्हणून लागलो. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये मोठाली मशिनं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायची आणि पायाखालची जमीन दिवसभर हादरत असायची. मी दोन वर्षांत पळालो, पुढचं शिकलो आणि माण गावातल्या आयटी पार्कात एसीत जाऊन बसलो. तू राहिलास. मला वाटायचं, घरचं शेत जवळ म्हणून राहिलास. तुला ते काम आवडत होतं हे समजायला मला फार वर्षं लागली. कानात बोळे घालूनसुद्धा तू नुसत्या आवाजावरून सांगायचास की चौथ्या मशिनचा पत्रा कापणारा पंच झिजलाय. सुपरवायझर हसायचा, मग मशिन उघडायचा, मग हसायचं थांबवायचा. तुझ्या त्या कानांसाठीच मी इतक्या वर्षांनी परत तुझ्या दारात आलो.

मी मोबाइलवरचा एक गेम करायला घेतला होता. ढोल-ताशाचा. समोर ताशा वाजतो, पडद्यावर वरून खुणा खाली सरकत येतात, खूण रेषेवर आली की बोटाने ढोल मारायचा. वेळेवर मारला तर गुण, नाहीतर लाल अक्षरात ‘घाई’ किंवा ‘उशीर’. तू गावच्या पथकात बारा वर्षं ढोल वाजवणारा माणूस. तुला सोडून मी कुणाला विचारणार होतो?

पहिल्या गुरुवारी तू पायरीवर बसून फोन हातात घेतलास, एक ठोका मारलास आणि माझ्याकडे संशयाने पाहिलंस.

“भावा, ढोल हात उचलल्यावर वाजतो व्हय?”

“म्हणजे?”

“बोट टेकवलं तवा न्हाई वाजलं. उचललं तवा वाजलं.”

मी चिडून कोड उघडलं. खरंच होतं. बोट काचेवरून सुटल्यावर आवाज दे, असं मीच लिहून बसलो होतो, साध्या बटणाला लिहितात तसं. माझ्या ऑफिसातल्या तीन हुशार लोकांनी तो गेम आठवडाभर खेळला होता आणि कुणाला काही जाणवलं नव्हतं. तुला एका ठोक्यात जाणवलं. वर तू वहिनींना हाक मारून सांगितलंस, “अगं मंगल, इंजिनेर आलाय, उलटा ढोल घिऊन आलाय, च्या टाक.”

तिथून आपलं वेड सुरू झालं. फोनमधला उशीर. बोट काचेला लागतं आणि आवाज कानावर येतो, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. बोलताना किंवा सिनेमा बघताना तो कळत नाही, ताल धरला की मात्र पायात खडा टोचावा तसा टोचत राहतो. फोन आवाज सलग सोडत नाही, थोडा थोडा साठवून सोडतो, हे मी तुला समजावलं, तेव्हा तू म्हणालास, “म्हंजी बादली भरल्याबिगर वतत न्हाई?” मी म्हटलं, अगदी तसंच. “मग लोट्यानं वत की राव.” मी लोटा केला. लोटा फारच लहान केला तर आवाज तुटून खरखर यायची, मोठा केला की पुन्हा उशीर. दोन महिने आपण लोट्याचं माप शोधत होतो. खरखर आली की तू “तळलं” म्हणायचास आणि उशीर झाला की नुसती मान हलवायचास. त्या मानेला मी घाबरायला लागलो होतो. ढोलाचे आवाज आधीच उघडून तयार ठेवले, पडद्यावरची सजावट कमी केली, होता नव्हता तो फाफटपसारा काढून टाकला. प्रत्येक वेळी तुझी मान थोडी कमी हलली. अशा कमी हललेल्या मानेसाठी मी माणहून चाकणपर्यंत ट्रकांच्या मागून धूळ खात यायचो, आणि आता विचार करतो तर तेवढं सुख मला माझ्या पगाराच्या कामाने एकदाही दिलेलं नाही.

तुला आठवतं, एकदा मी तुझ्यासाठी कानात घालायचे बिनवायरचे इअरफोन आणले होते? महागडे होते, म्हणून तू आधी हात धुऊन आलास. घातलेस, टिचकी मारलीस, थांबलास. “पशा, मी हितं मारतोय अन् वाजतंय आळंदीला.” बिनवायरच्या इअरफोनमध्ये उशीर आणखी वाढतो हे मला माहीत होतं, पण किती, ते तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. ते इअरफोन पुढे वहिनी भजनं ऐकायला वापरू लागल्या. भजनाला काही घाई नसते असं तुझं म्हणणं.

आणि तुझी ती बोटं. पत्रा उचलून आणि ढोल बडवून इतकी टणक झालेली की कधी कधी फोनला ती बोटं वाटायचीच नाहीत. मग तू बोटाचं टोक जिभेला लावायचास आणि पुन्हा मारायचास. फोनही तसाच, कोपऱ्यात तडा गेलेला. मी कितीदा म्हटलं, नवा घेऊन देतो. तू म्हणायचास, “पथकातल्या निम्म्या पोरापोरींकडं ह्योच हाय. ह्याच्यावर चाललं तर समद्यांच्यावर चालंल.” मी त्याच फोनवर पुढची चाचणी लावायचो.

आता भांडण. खरं म्हणजे भांडणं दोन. पहिलं गोड होतं आणि ते वर्षभर चाललं.

स्वस्त फोनमधला उशीर एका मर्यादेखाली जात नाही. त्यावर गेम करणारे सगळेच एक तोड काढतात. खेळणाऱ्याला सुरुवातीला एकसारख्या ठेक्यावर वीस टिचक्या मारायला सांगायचं. ठेका कानावर उशिरा पोचला की टिचकीही तेवढीच उशिरा पडते; त्यावरून गेमला कळतं की हा फोन किती मागे चालतो, आणि मग गुण देताना तेवढा वेळ वजा करायचा. मला हे फार देखणं वाटायचं. तुला ते अजिबात पटलं नाही.

“हे पॅकिंग झालं,” तू म्हणालास. प्रेस शॉपमध्ये साचा झिजला की तो खोलून घासायला वेळ लागतो, म्हणून खाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवतात आणि माल काढत राहतात. तो तुकडा म्हणजे पॅकिंग. त्यापायी तुझं सुपरवायझरशी किती वेळा वाजलं होतं.

“अरे, फोनच तसा आहे, मी काय करू?”

“उशीर हुतोय तर उशीर कमी कर. घड्याळ कशाला मागं करतोस?”

“सगळी दुनिया असंच करते, सोप्या.”

“दुनिया पॅकिंग लावूनच चाललीय. तू तरी लावू नगं.”

मी दर गुरुवारी तुला आकडे दाखवायचो आणि तू दर गुरुवारी मला पॅकिंग दाखवायचास. वहिनी म्हणायच्या, दोघांना एकेक ढोल द्या आणि रानात सोडा. ते सगळं फार चांगलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग तो गुरुवार आला. मी आदल्या चार रात्री खपून आवाजाचा सगळा रस्ता नव्याने लिहिला होता. तुझ्या त्या तडा गेलेल्या फोनवर तू वीस टिचक्या मारल्यास आणि आकडा आला सहा. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहा. म्हणजे उशीर जवळजवळ नाहीच. तू पुन्हा मारल्यास, सात. पुन्हा, पाच. मी ओरडलो. तू उठून मला मिठी मारलीस, आणि वहिनींनी शिरा केला. शिऱ्याचा घास हातात धरून तू म्हणालास, “बघ, पॅकिंग लागलं का?” मी हात जोडले. त्याच दुपारी मी गेममधली ती वीस टिचक्यांची तोड खेळणाऱ्यांसाठी बंद केली, फक्त आपल्या चाचणीपुरती तुझ्या फोनवर ठेवली. असल्या फोनला दुरुस्ती लागत नाही, असं लिहून टाकलं. स्वस्त फोनवर सहा हा आकडा येऊच शकत नाही, अशी शंका माझ्यासारख्या माणसाला यायला हवी होती. आली नाही. तू जिंकलास आणि मीही जिंकलो, असा दिवस परत कधी येणार होता, म्हणून मी ती शंका येऊच दिली नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते माझ्या तोंडून नीट कधी ऐकलंच नाहीस, नुसती माझी आरडाओरड ऐकलीस. पुण्यात गेम करणाऱ्यांचा मेळावा होता. गेम लोकांपर्यंत पोचवणारी काही मंडळी तिथे येणार होती. मी तुझ्यासारखेच चार फोन टेबलावर मांडले. पहिल्या माणसाने वाजवलं, लाल अक्षरात ‘उशीर’. दुसऱ्याने वाजवलं, ‘उशीर’. एक तबला शिकणारी मुलगी आली, तिने तीनदा वाजवून पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, “दादा, मी वेळेवर आहे. तुमचा गेम मागे आहे.” ती मंडळी आली तोपर्यंत टेबलाभोवती हसू पिकलं होतं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि ती पुढच्या टेबलावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. एक फोन शेजारी ठेवून त्यावर आवाज टिपत राहिलो आणि दुसऱ्या फोनच्या काचेवर नखाने टकटक केली. टिपलेल्या आवाजात नखाची टक आधी दिसते आणि ढोल नंतर. मधलं अंतर मोजलं. एकशे दहा. लाडक्या लोट्यासकट, सगळ्या घासाघाशीसकट, एकशे दहा. मग तुझे सहा कुठून आले?

संध्याकाळी मी तुमच्या सरावाच्या मैदानावर आलो. गणपतीला दोन महिने होते, पथक पूर्ण भरात होतं. मी ताशे थांबायची वाटसुद्धा पाहिली नाही. लॅपटॉप उघडून तुझ्या पुढ्यात धरला.

“हा आकडा एकशे दहा यायला पाहिजे. तुझा सहा येतो. कसा येतो?”

“मला काय म्हाईत? मी येळेवरच मारतो.”

“वेळेवर मारला असतास तर सहा आला नसता. तू आधी मारतोस, सोप्या. दर ठोक्याला आधी मारतोस!”

तेव्हा तुमचे पथकप्रमुख तात्या पुढे आले. ताशाच्या काड्या काखेत धरून त्यांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसले. “आवो साहेब, मागच्या रांगंचा गडी हाय त्यो. ताशा पुढं, ह्यो चाळीस पावलं मागं. आवाज पोचायला टाइम लागतोय का न्हाई? ऐकून मग मारला तर रस्त्यावरच्या माणसाला एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येत्यात. मागचा गडी जरा आधीच मारतो. कोण शिकवत न्हाई ते, दहा-बारा वर्सांत हातातच बसतं.”

म्हणजे फोन उशीर करत होता आणि तुझा हात तो भरून काढत होता. जसा पथकात भरून काढायचा, तसाच. तुला कळतही नव्हतं. मी शहाणा असतो तर त्या क्षणी तिथेच खो-खो हसलो असतो, तात्यांच्या पाया पडलो असतो आणि गेममध्ये मागची रांग नावाचा एक वेगळा खेळ घातला असता. दोन दिवसांच्या अपमानाने माझं डोकं फिरलेलं होतं. मी सगळ्या पथकासमोर म्हणालो, “तुझ्या हातावर भरवसा ठेवला, तीच चूक झाली. वर्ष गेलं माझं.”

तू आकड्याकडे बघत राहिलास. मग हळूच विचारलंस, “एकशे धा का?” मी लॅपटॉप बंद करून निघालो. गाडी चालू करताना मागे ढोल पुन्हा सुरू झाले होते आणि त्यात तुझा होता की नाही हे मला ऐकू आलं नाही.

माझ्या रागाचं तुला काय सांगू? तो पंधरा दिवसांत उतरला होता. पुढचे महिने जे चाललं ते रागापेक्षा वाईट होतं. मला लाज वाटत होती, आणि ज्याच्यापुढे लाज वाटते त्या माणसाकडे मला जाता येत नाही, हा माझा जुना दोष. मी चाचणीला दुसरी माणसं घेतली, नखाने मोजमाप केलं, उशीर आणखी थोडा खाली आणला आणि उरलेल्याला सरळ पॅकिंग लावलं. गेम गेला लोकांपर्यंत. चालतोय. तुला त्याची लिंकसुद्धा पाठवली नाही. तुझ्या फोनवर आपला जुनाच राहिला.

दसऱ्यानंतर मोबाइलवर तुझ्या आवाजातला निरोप आला होता. “भावा, एकदा यिऊन मोज. आता बरूबर येतंय.” मागे मशिनांचा दणका, म्हणजे कंपनीच्या गेटवरून पाठवला असशील. मला वाटलं, तुला समेट करायचाय आणि त्यासाठी तू निमित्त काढलंयस. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. सोप्या, मी शब्दही पाठवले नाहीत. म्हटलं, दिवाळीत जाऊ. दिवाळीत म्हटलं, थंडी पडली की जाऊ.

दहाव्याला मी नदीवर आलो होतो. एका कडेला बसलो होतो. तात्या माझ्याकडे आले आणि माझ्या शेजारीच टेकले. त्या मैदानावरच्या तमाशाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “औंदा गणपतीत सोपान मागं पडत हुता, साहेब. बारा वर्सांत पयल्यांदा. त्याच्या ढोलानं रांग फुटायला लागली. मी म्हटलं, दुखतंय का काय? न्हाई म्हणाला. दुसऱ्या दिवशी आपणहून ढोल खाली ठिवला अन् म्हणाला, तात्या, मी झेंडा धरतो. मला तवाच कळाया पायजे हुतं, आतून दुखणं लागलंय म्हणून.”

मीही तेच धरून चाललो. छातीचं दुखणं आधीपासून असणार, हात जड झाला असणार. मला खूप वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं मला पेलण्यासारखं होतं.

परवा वहिनींनी बोलावलं. तुझ्या फोनमधले फोटो काढून द्यायचे होते, भिंतीवर लावायला एक तरी हसरा पाहिजे म्हणाल्या. दुपारची वेळ होती. त्या आत भांडी आवरत होत्या आणि मी तुझ्या पायरीवर बसून तुझा फोन उघडला. फोटो शोधता शोधता आपला गेम दिसला. मी तो उघडला. वीस टिचक्यांची प्रत्येक चाचणी गेम तारखेसकट नोंदवून ठेवतो, हे मीच लिहिलेलं होतं आणि विसरलो होतो.

यादी संपता संपेना. सुरुवातीला आपल्या त्या गुरुवारचे सहा, सात, पाच; मग मैदानावरच्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसापासून तुझी एकट्याची यादी. रोज. एका दिवसात कधी दहा वेळा, कधी तीस वेळा. पहिला आकडा सात. मग नऊ, आठ, बारा. आठवड्याने वीस. तुला माहीत होतं की एकशे दहा हवा आहे. मुद्दाम थांबून मारलं असतंस तर पहिल्याच दिवशी आला असता. तू तसं केलं नाहीस. आकडा रोज दोनाने, तीनाने सरकत होता, मधेच मागे येत होता, पुन्हा चढत होता. गणपतीच्या सुमाराला तो साठाच्या पुढे होता. मी ती तारीख दोनदा पाहिली. दसऱ्यानंतर, तुझा निरोप आला त्या दिवशी, एकशे आठ. आणि त्यानंतरही तू थांबला नव्हतास. शेवटच्या आठवड्यात सगळे आकडे एकशे दहाच्या आजूबाजूला.

सोप्या, तुझ्या हाताला कसलंही दुखणं लागलेलं नव्हतं. तू बारा वर्षांचा हात मोडून सरळ केलास. पथकाला हवा होता तो हात मोडलास आणि माझ्या बिनकामाच्या चाचणीला हवा तसा करून घेतलास. मी गेम कधीच दुरुस्त केला होता, तुझी चाचणी कुणालाही नको होती, आणि हे तुला सांगायला मला सहा महिन्यांत एक गुरुवार मिळाला नाही. त्या पातळ पत्र्याच्या तुकड्यासारखा साच्याखाली स्वतःच जाऊन बसलास. वर्षभर मला पॅकिंगवरून बोलणारा तू.

मी पायरीवर रडलो. वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या हातातला फोन पाहून त्यांना वाटलं की फोटो सापडला.

“त्यो खेळ व्हय,” पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या. “सेकंड शिफ्टला जायच्या आधी रोज बसायचं हितंच. जेवान गार व्हायचं. मला इचारायचं, मंगल, बघ की, आता बरूबर येतंय का? मला काय कळतंय त्यातलं? मी आपली व्हय म्हणायची.” मग त्या माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. “भावजी, तुमाला कळतं. शेवटाला आलं का त्यांचं बरूबर?”

हातातल्या यादीत उत्तर होतं. आलं, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं आणि मीही सुटलो असतो.

“वहिनी, त्याचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं,” मी म्हणालो. “चूक माझी होती. मोजायला मी चुकलो आणि बोल त्याला लावला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या, नीट समजून घेत होत्या. मग म्हणाल्या, “मग त्यांना सांगायचं न्हाई का, भावजी? ढोल तरी सोडला नसता त्यांनी.”

सोप्या, तुझा हात बरोबर होता.